लग्नगाठ आणि व्हिसाची मुदत

परदेशात संसार मोडला, तर मुलीच्या तिथल्या वास्तव्याचे काय होते?

धानाचा हंगाम आटोपला की तिरोड्याच्या बाजारपेठेत लग्नसराईची बोलणी सुरू होतात. दोन पिढ्यांपूर्वी ही बोलणी गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूर, फार तर बालाघाट-रायपूरपर्यंत पोहोचत. सोयरिकीचे गाव आगगाडीच्या एका मुक्कामावर असे आणि कुणाच्या घरात काय शिजते ते दोन्हीकडच्या पेढ्यांना ठाऊक असे. आज समाजाच्या युवक-युवती परिचय संमेलनाची पुस्तिका उघडली, तर न्यू जर्सी, लंडन, दुबई, टोरांटो ही नावे सहज दिसतात. भुसार, कापड आणि सराफीच्या घरांतील मुली अभियांत्रिकी, फार्मसी, सीए अशा पदव्या घेऊन उभ्या आहेत आणि त्यांना तोलामोलाची स्थळे सातासमुद्रापलीकडून येत आहेत. त्यात वावगे काहीच नाही.

त्या पुस्तिकेत वराचे गोत्र, शिक्षण, मूळ गाव, उंची, वार्षिक उत्पन्न यांसाठी रकाने असतात. ‘परदेशस्थ’ हा शब्द आला की मात्र चौकशी तिथेच थांबते. तो तिथे कोणत्या कागदावर राहतो, त्या कागदाची मुदत किती, आणि लग्नानंतर मुलीला मिळणारा व्हिसा तिच्या स्वतःच्या हक्काचा असेल की पतीच्या आधाराने मिळालेला, हे प्रश्न बैठकीत क्वचितच निघतात. उधारीवर माल देताना समोरच्याचे गोदाम स्वतःचे की भाड्याचे, हे विचारल्याशिवाय जी पेढी वहीत नोंद करीत नाही, तीच मुलीच्या बाबतीत भिडेखातर गप्प राहते.

संसार सुखाचा झाला तर हा प्रश्न जन्मभर उपस्थित होत नाही. परंतु तो मोडला, तर घटस्फोटाच्या दुःखाबरोबर दुसरे एक संकट उभे राहते, ज्याची कल्पना माहेरी कुणालाच नसते. लग्नाबरोबर आलेला राहण्याचा हक्क लग्नाबरोबरच संपू शकतो. तो कधी संपतो, कुठे टिकतो आणि टिकवण्यासाठी कोणत्या वेळी काय करावे लागते, हे देशागणिक वेगळे आहे.

दुसऱ्याच्या कागदावरचा मुक्काम

उदाहरणादाखल तिरोड्याच्या एका भुसार व्यापाऱ्याची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिचा विवाह अमेरिकेत संगणक अभियंता असलेल्या तरुणाशी झाला आहे. तो ‘एच-वन-बी’ या नोकरीच्या व्हिसावर तिथे राहतो. ती ‘एच-फोर’ या आश्रित व्हिसावर त्याच्याकडे गेली आहे. तिच्या पारपत्रावरील व्हिसाची तारीख अजून दोन वर्षे पुढची आहे. संसारात बेबनाव झाला, तरी ‘निदान दोन वर्षे राहता येईल’ असे तिला आणि तिच्या वडिलांना वाटते.

ही समजूत चुकीची आहे. एच-फोर हा दर्जा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : पतीचा व्हिसा चालू असणे आणि त्याच्याशी कायदेशीर विवाह अस्तित्वात असणे. न्यायालयाने घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा दिला त्या दिवशी हा दर्जा संपतो. मग पारपत्रावर कोणतीही तारीख असो. नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्याला अमेरिकेत साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळते हे अनेकांनी ऐकलेले असते. ती सवलत नोकरी सुटण्यासाठी आहे, विवाह सुटण्यासाठी नाही. २०१५ पासून काही एच-फोर धारकांना नोकरी करण्याचा परवाना मिळू लागला. तोही याच दर्जावर उभा असल्याने हुकूमनाम्याबरोबर त्याचाही आधार जातो.

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक नुकसान होते आणि ते पैशांत मोजता येत नाही. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. पतीचा अर्ज त्या रांगेत असतो आणि पत्नी त्याची जोडीदार म्हणून त्याच रांगेत उभी असते. तिने आठ-दहा वर्षे त्या देशात काढली, घर सांभाळले, मुले वाढवली, तरी ग्रीन कार्ड हाती येण्यापूर्वी घटस्फोट झाला तर रांगेतील तिची जागा नाहीशी होते. पतीची जागा कायम राहते.

यातून वाट काढता येते, पण ती हुकूमनाम्यापूर्वी काढावी लागते. विद्यापीठात प्रवेश घेऊन विद्यार्थी व्हिसासाठी दर्जाबदलाचा अर्ज करणे, किंवा स्वतःच्या पदवीवर नोकरी मिळवून स्वतःच्या नावाने एच-वन-बी मिळवणे, हे दोन रूढ मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गासाठी नावनोंदणी बहुधा मार्च महिन्यात होते, सोडतीत नाव यावे लागते आणि काम ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणजे घटस्फोटाच्या कागदावर फेब्रुवारीत सही करणे आणि नोव्हेंबरात सही करणे यांत मुलीच्या आयुष्याचा फरक पडू शकतो. ‘एकदाचे मोकळे करून टाका’ या घाईत दोन्हीकडचे वडीलधारे हा फरक पाहत नाहीत.

ग्रीन कार्ड हाती असताना

पती अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर चित्र बरेच वेगळे असते. मुलीला ग्रीन कार्ड मिळते. परंतु ते मिळताना विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर ते सशर्त असते आणि त्याची मुदत दोनच वर्षांची असते. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये केलेल्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पती-पत्नींनी मिळून अर्ज करायचा, तेव्हा शर्त दूर होते.

नेमकी येथेच अडचण उभी राहते. भांडण झालेल्या घरात ‘सही करणार नाही’ ही धमकी शस्त्रासारखी वापरली जाते. अनेक मुली केवळ या सहीच्या भीतीने अपमान सोसत राहतात. प्रत्यक्षात त्या कायद्यातच सूट आहे. विवाह खऱ्या भावनेने केला होता आणि पुढे घटस्फोट झाला, किंवा जोडीदाराने मारहाण वा अतिशय क्रूर वागणूक दिली, हे दाखवता आले तर पतीच्या सहीवाचून एकटीला अर्ज करता येतो. त्यासाठी पुरावा लागतो : दोघांच्या नावाचे बँक खाते, घराचा भाडेकरार, विमा, कर विवरणपत्रे, एकत्र प्रवासाची तिकिटे, नातेवाइकांसह छायाचित्रे. व्यापारी घरातील मुलीला हे वेगळे सांगायला नको. जमाखर्चाची वही जशी रोजच्या रोज लिहिली तरच न्यायालयात उभी राहते, तसेच संसाराचे कागद चांगल्या दिवसांतच जपून ठेवलेले उपयोगी पडतात.

अमेरिकेत १९९४ मध्ये स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध एक कायदा झाला. त्यानुसार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पतीकडून छळ सोसणारी पत्नी, त्याला न कळू देता, स्वतःच निवासाधिकारासाठी अर्ज करू शकते. घटस्फोट झाला असेल तरी त्यानंतर दोन वर्षांपर्यंत हा मार्ग खुला असतो. पती केवळ नोकरीच्या व्हिसावर असेल तर मात्र तो लागू होत नाही. अशा पत्नीला छळाच्या आधारावर काम करण्याचा परवाना मागता येतो, पण त्यातून कायमचे वास्तव्य मिळत नाही. एकाच शहरातील दोन भारतीय सुनांना, छळ सारखाच असूनही, पतीच्या कागदावरून वेगवेगळे संरक्षण मिळते. म्हणून सोयरीक ठरवताना वराच्या व्हिसाचा प्रकार विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही.

इतर देशांत काय

ब्रिटनमध्ये घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची वाट पाहिली जात नाही. ब्रिटिश पतीच्या आधाराने गेलेल्या पत्नीस आधी तेहतीस महिन्यांचा परवाना मिळतो, नंतर मुदतवाढ मिळते आणि पाच वर्षांनी कायम निवासासाठी अर्ज करता येतो. या काळात नाते संपुष्टात आले, तर ते तेथील गृहखात्यास कळवणे बंधनकारक आहे. त्यानंतर परवान्याची उरलेली मुदत साधारणतः साठ दिवसांवर आणली जाते. कौटुंबिक अत्याचारामुळे नाते मोडले असेल, तर पाच वर्षे पूर्ण न होताही कायम निवास मागण्याची तरतूद आहे. ही तरतूद आपोआप झालेली नाही. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या लंडनच्या संस्थेने, जिच्याकडे भारतीय उपखंडातील स्त्रिया मोठ्या संख्येने येत, तिच्यासाठी दीर्घकाळ लढा दिला. २०२४ पासून नोकरीच्या वा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीच्या छळग्रस्त जोडीदारासही तीन महिन्यांची सवलत मिळते. कायम निवासाचा मार्ग मात्र तिला त्यातून मिळत नाही.

जर्मनीत मोजमाप आणखी निराळे आहे. पती-पत्नीचे सहजीवन त्या देशात तीन वर्षे झाले असेल, तर विभक्त झालेल्या जोडीदारास स्वतंत्र परवाना मिळतो, प्रथम एक वर्षासाठी. २०११ पूर्वी ही अट दोन वर्षांची होती. येथे विवाहाचे वय पाहिले जात नाही, एका छताखाली राहण्याची वर्षे पाहिली जातात. अत्याचारासारख्या असह्य परिस्थितीत तीन वर्षांची अट शिथिल होते.

पोर्तुगीज राजवटीशी जोडलेल्या जन्मनोंदींमुळे गोव्यातील अनेक कुटुंबांत पोर्तुगालचे, म्हणजेच युरोपीय संघाचे नागरिकत्व आले आहे. असा नागरिक संघातील दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या भारतीय जोडीदारास २००४ च्या युरोपीय निर्देशाचे संरक्षण मिळते. घटस्फोटाची कारवाई सुरू होईपर्यंत विवाह तीन वर्षे टिकला असेल आणि त्यांपैकी एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर वास्तव्याचा हक्क टिकतो. पण यातही क्रमाला किती महत्त्व आहे, हे सिंग प्रकरणात दिसले. भारतीय पती आणि लाटव्हियन पत्नी आयर्लंडमध्ये राहत होते. पत्नी आयर्लंड सोडून निघून गेली आणि त्यानंतर तिने घटस्फोटाचा अर्ज केला. १६ जुलै २०१५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले, की अर्जापूर्वीच युरोपीय जोडीदार देश सोडून गेल्यामुळे पतीचा हक्क त्या निर्देशाखाली टिकत नाही. अर्ज आधी आणि प्रस्थान नंतर असे झाले असते, तर निकाल वेगळा लागू शकला असता. हे प्रकरण पुरुषाचे आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. आश्रित जोडीदार जावईसुद्धा असू शकतो.

कॅनडाचे धोरण तुलनेने उदार आहे. २०१२ मध्ये तेथेही दोन वर्षे एकत्र राहण्याची शर्त आणली गेली होती. ती छळ सोसणाऱ्यांना घरात अडकवून ठेवते, अशी टीका झाल्यावर २०१७ मध्ये ती रद्द झाली. आता कायम निवास एकदा मिळाला, की पुढे झालेल्या घटस्फोटाने तो जात नाही आणि पुरस्कर्त्या जोडीदाराने दिलेली तीन वर्षांच्या पोषणाची हमीही संपत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पत्नीचे वास्तव्य पतीच्या प्रायोजकत्वावर असते. २०१८ पासून विधवा व घटस्फोटित स्त्रियांना प्रायोजकाशिवाय एक वर्ष राहण्याची सवलत तेथे सुरू झाली. सोन्याच्या व्यापारानिमित्त दुबईशी संबंध असलेल्या घरांनी ती माहीत करून घ्यावी. हे सारे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी त्या देशातील जाणकार वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

तिकडे परकी, इकडे विवाहित

व्हिसा संपून मुलगी तिरोड्याला परत येते तेव्हा सर्वांना वाटते, की निदान प्रकरण मिटले. अनेकदा ते मिटलेले नसते. परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात आपोआप ग्राह्य होत नाही.

याविषयीचा पायाभूत निर्णय ‘वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. विवाह १९७५ मध्ये तिरुपती येथे झालेला होता. पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्यात नव्वद दिवसांचे वास्तव्य दाखवून तेथील न्यायालयातून घटस्फोट मिळवला आणि दुसरा विवाह केला. तो हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यास मान्य असलेल्या अधिकारक्षेत्रात आणि त्याच कायद्यातील कारणावर घटस्फोट झाला पाहिजे, हे सूत्र न्यायालयाने घालून दिले. प्रतिवादी स्वेच्छेने त्या न्यायालयापुढे हजर राहून लढला, किंवा त्याने संमती दिली, तर अपवाद होतो. तीन महिन्यांचे सोयीस्कर वास्तव्य पत्नीचे आयुष्य ठरवू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

या निर्णयाने स्त्रियांना संरक्षण मिळाले, पण त्यातून एक विचित्र स्थितीही निर्माण होते. अमेरिकेच्या दृष्टीने घटस्फोट झाला, म्हणून एच-फोर संपला. भारताच्या दृष्टीने तो हुकूमनामा ग्राह्य नाही, म्हणून ती अद्याप विवाहित आहे. पती तिकडे दुसरा संसार थाटतो. मुलगी मात्र इकडच्या न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत पुनर्विवाह करू शकत नाही.

‘नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ’ (१९९४) या खटल्यात हे दुःख अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत असलेल्या वराशी १९८९ मध्ये विवाह झाला. तिकडे जाण्याच्या आशेने पत्नीने शिक्षिकेची नोकरी सोडली. व्हिसाऐवजी तिच्या हाती अमेरिकेतील न्यायालयात विवाह रद्द करण्यासाठी केलेल्या अर्जाचे कागद पडले. तिने भारतात नुकसानभरपाईचा दावा केला आणि सुमारे बावीस लाखांचा एकतर्फी हुकूमनामा मिळवला. त्याला स्थगिती मिळाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तिला तात्पुरता दिलासा तर दिलाच, शिवाय शासनास कायदा करण्याची सूचना केली : भारतात झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाने रद्द करू नये, पतीच्या येथील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीला पोटगी मिळावी आणि भारतीय हुकूमनामे परदेशात अमलात यावेत. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, पण ते मंजूर होऊ शकले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात अशा विवाहांसाठी सर्वंकष कायदा, सक्तीची नोंदणी आणि पारपत्रावर वैवाहिक स्थितीची नोंद यांची शिफारस केली. सराफ खटल्यातील सूचनेनंतर तीस वर्षे लोटली होती.

मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेला ‘सोंदूर गोपाळ विरुद्ध सोंदूर रजनी’ (२०१३) हा खटलाही बोधप्रद आहे. बंगळूरला विवाह झालेल्या या दांपत्याने स्वीडनचे नागरिकत्व घेतले होते आणि पुढे ते ऑस्ट्रेलियात राहिले. पत्नी मुलांसह भारतात परतली व तिने मुंबईत दाद मागितली. आपण ऑस्ट्रेलियाचे अधिवासी असल्याने हिंदू विवाह कायदा लागू नाही, असा पतीचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुदतीच्या व्हिसावर राहणे म्हणजे त्या भूमीस कायमचे घर करणे नव्हे, ही त्यातील शिकवण आहे. परदेशी मुक्कामाची जी ठिसूळता मुलीला बेघर करते, तीच तिच्यासाठी मायदेशातील न्यायालयाचे दार उघडे ठेवू शकते.

मूल असेल तर

‘मूल अमेरिकेत जन्मले आहे, म्हणजे आईला राहू देतीलच’ हीदेखील रूढ समजूत आहे. मूल जन्माने तेथील नागरिक होते हे खरे, पण त्याच्या आधारावर आईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज ते एकवीस वर्षांचे झाल्यावरच करता येतो. तोपर्यंत आईचे वास्तव्य तिच्या स्वतःच्या कागदावर असावे लागते. दुसरीकडे, वडिलांच्या संमतीशिवाय वा तेथील न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला घेऊन भारतात येणे हा त्या देशात गंभीर गुन्हा ठरू शकतो. मुलांच्या बेकायदा स्थलांतराविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. ‘नित्या आनंद राघवन’ (२०१७) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी आदेशापेक्षा मुलाच्या हितास प्राधान्य दिले. तरीही प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासले जाते, आणि आई परत जाऊ लागली तर तिकडचा आदेश तिची वाट पाहत असतो. म्हणून आजी-आजोबांनी ‘लेकराला घेऊन निघून ये’ असा सल्ला देण्यापूर्वी तेथील वकिलास विचारलेले बरे.

तिरोड्यातून काय करता येते

मुलगी परत आली तर तिला मुंबई-दिल्लीचे खेटे घालावे लागतील, ही भीती अनाठायी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पत्नी सध्या जिथे राहते तेथील सक्षम न्यायालयात अर्ज करू शकते. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून तिरोड्याच्या लोकांना भंडाऱ्याला जावे लागत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्जही ती तात्पुरत्या निवासाच्या ठिकाणी करू शकते. सासरच्या छळाची फौजदारी तक्रार माहेरच्या गावीही देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितले. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते आणि दृक्‌श्राव्य माध्यमाने हजेरीही चालू शकते, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निर्णयाने मोकळे केले. यामुळे परदेशात राहूनच भारतात ग्राह्य ठरणारा घटस्फोट मिळवणे आणि त्याची वेळ व्हिसाच्या सोयीने ठरवणे शक्य झाले आहे.

जैन समाजात मध्यंतरी एक संभ्रमही पसरला होता. जैनांना २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने हिंदू विवाह कायदा लागू नाही, असे म्हणून इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जैन दांपत्यांचे अर्ज फेटाळले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मार्चमध्येच तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे त्या कायद्याचे सर्व उपाय जैन मुलींना उपलब्ध आहेत.

पायाचा कागद म्हणजे विवाहनोंदणी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमानुसार ती नव्वद दिवसांत करावयाची असते. शहरात नगरपरिषदेत, गावी ग्रामपंचायतीत. त्या प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहर घेतली, की करारातील सदस्य देशांत ते चालते. प्रमाणपत्राची, पतीच्या पारपत्राची व व्हिसाची, आणि दागिन्यांच्या पावत्यांची एक प्रत माहेरच्या तिजोरीत असावी. अडचणीत सापडलेल्या मुलीसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या प्रकरणांचा स्वतंत्र कक्ष आहे. परदेशातील भारतीय दूतावासांकडून पतीने टाकून दिलेल्या स्त्रियांना वकील मिळवून देण्याची व आर्थिक साहाय्याची योजनाही आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

आरशाची दुसरी बाजू

परदेशी कायद्यांना नावे ठेवण्यापूर्वी आपला कायदाही पाहावा. तिरोड्याचा एखादा मुलगा परदेशी मुलीशी विवाह करून तिला घरी आणतो, तेव्हा विवाहाची नोंद होऊन तो सलग दोन वर्षे टिकल्यावर तिला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. घटस्फोट झाला, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ड नुसार ते कार्ड रद्द होऊ शकते. तिने येथील भाषा आत्मसात केली असेल, पर्युषणात उपवास केले असतील, मुलांना पाठशाळेत धाडले असेल, तरी तिची स्थिती न्यू जर्सीतील आपल्या मुलीसारखीच होते. आपल्या मुलीसाठी जो न्याय हवासा वाटतो, तो घरी आलेल्या परक्या मुलीलाही मिळावा, हे अनेकान्ताची दृष्टी बाळगणाऱ्या समाजाला निराळे शिकवण्याची गरज नाही. तिच्या परवान्याचे कागद तिच्याच ताब्यात ठेवणे आणि संबंध तुटल्यास तिला मुदतीत दुसरा परवाना मागता यावा इतका अवधी देणे, एवढे तर सासरच्या हाती असते.

सहीपूर्वीचा एक दिवस

समाजात घटस्फोटाची बोलणी बहुतेक वेळा चार ज्येष्ठांच्या बैठकीत होतात. दागिने, रोख आणि मुलाचा ताबा यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते आणि तडजोडीचा कागद तयार होतो. त्या कागदात एक कलम क्वचितच असते : अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज कोणत्या देशात आणि कोणत्या महिन्यानंतर करायचा. पतीच्या खिशातून यासाठी एक पैसाही जात नाही. मुलीला मात्र त्या काही महिन्यांत पदवीचे उरलेले सत्र पूर्ण करता येते, स्वतःचा व्हिसा मिळवता येतो, किंवा सन्मानाने सामान आवरून परतता येते. वैर न धरता वेगळे होणे म्हणजे काय, याचा व्यवहारातील अर्थ एवढाच असू शकतो. अहिंसेचे व्रत घेतलेल्या घरांना तो जड वाटू नये.

आणि त्याहून आधीचा दिवस म्हणजे साखरपुड्याच्या आदला. त्या दिवशी वधुपित्याने भावी जावयाला शांतपणे विचारावे, की आपण तिथे कोणत्या परवान्यावर आहात, माझ्या मुलीचा परवाना कोणता असेल, आणि तिला स्वतःच्या नावाने शिकण्या-कमावण्याची मुभा कधीपासून मिळेल. सरळ मनाचा मुलगा याची सरळ उत्तरे देईल. जो या प्रश्नांनी रागावेल, त्याच्याविषयी पुढची चौकशी करण्यास कारण मिळेल.